दोन रुपयांचा वाघ

पावसाने शाळा लवकर सुटली की शेजारच्या घरातला सहावीतला मुलगा आमच्या पडवीत येऊन बसतो. अंगणात चिखल, वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही. अशा वेळी त्याला माझा नोटांचा अल्बम आठवतो. पानं तो भराभर उलटतो. राजे, राण्या, दाढीवाले पुढारी, पूल, धरणं यांच्यावर त्याची नजर ठरत नाही. पानावर जनावर आलं की बोट थांबतं. परवा ते सिंगापूरच्या जुन्या पाच डॉलरच्या नोटेवर थांबलं. त्या नोटेवर शिपाई बुलबुल आहे. डोक्यावर ताठ तुरा, गालावर तांबडा ठिपका. "हो आमच्या जास्वंदीर घरटा बांधता तोच मां?" त्याने विचारलं. मी म्हटलं, तोच. "मगे आमच्या नोटेर आमच्या हयलो कोण हा?" हयलो म्हणजे इथला. मी पाकिटातून दहाची जुनी नोट काढून त्याच्यासमोर पालथी ठेवली. वाघ, गेंडा, हत्ती. त्याने तिघांकडे बघितलं, मग कुंपणावर भिजत बसलेल्या कावळ्याकडे बघितलं, आणि पाऊस जरा ओसरल्यावर चपला हातात घेऊन घरी गेला. उत्तरासाठी तो काही अडून बसला नाही. मला मात्र त्याचा प्रश्न रात्री जेवताना आठवला, दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याच्या बाजारात सुंगटं घेताना पुन्हा आठवला, आणि मग तो जाईचना.

माझा जन्म कॅश काउंटरच्या मागे गेला. त्यामुळे नोटेकडे बघायची माझी नजर आधी कॅशियरची आणि मग संग्राहकाची, आणि या दोन नजरांचं आपसात फारसं पटत नाही. संग्राहकाला कोरी नोट हवी असते. घडी नको, पिनेचं भोक नको, कोपरे टोकदार हवेत. थोडक्यात, जिने कधी काही विकत घेतलेलं नाही अशी नोट. कॅशियरला नोट कळते ती वापरलेली. संध्याकाळी मासळीवाल्यांचा भरणा आला की आमच्या काउंटरला खाऱ्या पाण्याचा वास सुटायचा. नोटा ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या, मधूनच एखादं तारलीचं खवल. काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या बायकांच्या नोटांवर त्यांच्या बोटांवरचे काळपट डाग उतरलेले. जत्रेनंतर देवळाची पेटी उघडली की कुंकू आणि तेल. बंडलांना तेव्हा पिना मारायचे. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ते बंद करायला लावलं, तोवर चार गावं फिरून आलेल्या नोटेच्या कडेला भोकांची रांगच असायची. अशी भोकं असलेली नोट कुठलाही संग्राहक अल्बमच्या मागच्या पानावर टाकतो. मी पुढच्या पानावर ठेवतो. माझ्याकडे दहाची एक नोट आहे, तिच्यावरच्या हत्तीच्या गंडस्थळावर कुणीतरी निळ्या शाईने एकशे तीस वजा पंचेचाळीस असा हिशोब मांडला आहे. उत्तर बरोबर आहे.

लहानपणी नोट ओळखायची ती चित्रावरून. आकडा वाचता येण्याआधी चित्र वाचता यायचं. आमच्या घरात आजी दोन रुपयांना 'वाघाची' म्हणायची आणि पाच रुपयांना 'हरणांची'. दहाच्या नोटेवर आधी शिडाचं गलबत होतं, ते जाऊन झाडाखालचे मोर आले. गणपतीला मुंबईहून काका यायचे. गिरणीतला माणूस, पण चतुर्थीला बंदरावरच्या व्यापाऱ्याच्या तोऱ्यात उतरायचा. बॅगेतून आधी खाजं-लाडू, मग उदबत्तीचा पुडा, आणि सगळ्यात शेवटी पाकिटातून करकरीत दोन-दोनच्या नोटा, घरातल्या प्रत्येक पोराला एक. त्यांत कधी वाघ निघायचा, तर कधी आर्यभट्ट उपग्रह. उपग्रह मिळालेलं पोर रडायचं. किंमत दोघांची तेवढीच, दोन्हींवर तेवढ्याच गोळ्या मिळायच्या, पण वाघाची नोट मोडवत नसे. चुलत बहिणीने आपला वाघ दीड वर्ष भूगोलाच्या पुस्तकात दाबून ठेवला होता. शेवटी तो आईने वाण्याकडे दिला आणि घरात रॉकेल आलं. आईवर ती त्या वेळी रुसली होती. आज मोठी बाई झाली आहे, ठाण्यात असते, पण विषय निघाला की तोंड फिरवते.

आणि गलबताची ती दहाची नोट! कोकणातल्या म्हाताऱ्यांचं तिच्यावर वेगळंच लक्ष असायचं. आमच्या आळीत गलबतावर आयुष्य काढलेले दोन तांडेल होते. त्या नोटेवरचं शीड वाऱ्याच्या कुठल्या बाजूला आहे यावर त्यांचं भांडण जुंपायचं, आणि दोघांपैकी एकाच्याही खिशात दहाची नोट नसायची. ती दुकानदाराकडून उसनी मागून भांडण पुढे चालायचं. त्यातल्या एका तांडेलाच्या घरी ट्रंकेत याच गलबताची लाल नोट होती. आखाती देशांत चालवायला म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या, क्रमांकाआधी 'झेड' अक्षर असलेल्या. त्या वर्षी हाजींसाठीही वेगळ्या नोटा निघाल्या. भारतात त्या चालत नसत. तांडेलाला ते पक्कं ठाऊक होतं, तरी दर काही वर्षांनी तो ती नोट घेऊन माझ्या काउंटरवर यायचा आणि 'आता चालता काय?' असं विचारायचा. पुढे वीसच्या नोटेवर माडांचा किनारा आला. तो अंदमानातला, पोर्ट ब्लेअरजवळचा. पण आमच्याकडे कुणाला सांगून पटत नसे. वायंगणीचा म्हणे, निवतीचा म्हणे. एका गिऱ्हाइकाने तर त्यात आपल्या मेहुण्याचं घर कुठे असेल ते मला बोटाने दाखवलं होतं.

जनावरांना आपल्याकडे कायम सुट्टे पैसे मिळाले.

हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला, कारण नोटा मोजणारा माणूस नोटा बघत नाही. वाघ दोन रुपयांवर, हरणं पाचवर, मोर दहावर. १९९६ नंतरच्या गांधीजींच्या नोटांत जनावरांच्या वाट्याला पुन्हा दहाचीच नोट आली. पन्नासवर संसद, शंभरवर कांचनगंगा, पाचशेवर दांडीयात्रा. अपवाद एकच आठवतो, १९५० च्या सुमाराची शंभराची नोट, तिच्यावर दोन हत्ती होते. पण पुढे त्यांच्या जागी हिराकूड धरण आलं. नवं राष्ट्र होतं, धरणाचा अभिमान वाटणं साहजिकच. तरी मोठ्या नोटेवर देश जे मिरवतो आणि लहान नोटेवर जे ठेवतो, यात फरक असतो असं मला वाटतं. मोठी नोट कपाटात राहते. लहान नोट हिंडते. दोन रुपयांचा वाघ माझ्या आजीच्या कनवटीला होता, कोळणीच्या टोपलीत होता, एसटीच्या कंडक्टरच्या बोटांच्या बेचक्यात होता. एवढा वाघ कुठल्याही अभयारण्यात कुणाला दिसला नसेल. वाघाला कमी लेखलं म्हणून मला राग यायचा, आणि वाघ सगळ्यांच्या हाताला लागला म्हणून बरंही वाटायचं. अजून दोन्ही वाटतं. २०१६ च्या नोव्हेंबरात पाचशे आणि हजार बाद झाल्या, बँकेच्या दारात रांगा लागल्या, तेव्हा इथला मासळी बाजार काही दिवस त्या वाघ-गेंडा-हत्तीवर चालला. ज्याच्याकडे दहाच्या नोटांचं बंडल, तो त्या आठवड्यात सावकार.

१९९५ मध्ये दोन आणि पाचच्या नोटांची छपाई थांबली, नाणी आली. २०१८ च्या जानेवारीत दहाची चॉकलेटी नोट आली, तिच्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक. वीसवर वेरूळ, पन्नासवर हंपी, शंभरवर राणी की वाव, दोनशेवर सांची. सगळं पाहण्यासारखं, आणि सगळं दगडाचं. दहाची जुनी नोट अजून चालते. पण हाती येते तेव्हा इतकी मळलेली असते की गेंडा कुठे संपतो आणि हत्ती कुठे सुरू होतो ते कळत नाही.

एक वाघ मात्र हटलेला नाही. नोटेच्या पुढच्या बाजूला, गव्हर्नरांच्या सहीजवळ, रिझर्व्ह बँकेची मुद्रा असते. तिच्यात वाघ उभा आहे आणि मागे ताडासारखं झाड. मूळ कल्पना ईस्ट इंडिया कंपनीच्या मोहरेवरून घेतलेली, तिच्यावर सिंह होता. भारताला सिंहापेक्षा वाघ शोभेल म्हणून तो बदलला, आणि वाघ काढायला नमुना घेतला तो कोलकात्याच्या बेल्व्हेडिअर वाड्याच्या फाटकावरच्या पुतळ्याचा. यातला मला सगळ्यात आवडणारा भाग पुढचा आहे. डेप्युटी गव्हर्नर सर जेम्स टेलर यांना छापून आलेले नमुने पसंत पडेनात. वाघ कुत्र्यासारखा दिसतो आणि कुत्रा व झाड बघून लोक हसतील, अशी त्यांची तक्रार होती. झाडाचं खोड फार लांब झालंय हेही त्यांना खटकलं. साहेबाला झाडाचं खोड खटकावं, हे वाचून मला तो माणूस एकदम जवळचा वाटला. आमच्याकडे कॅलेंडरवरचा माड चुकीचा काढलेला असेल तर ते कॅलेंडर भिंतीवर लागत नाही.

परदेशी नोटा माझ्याकडे आल्या त्या सगळ्या दर्यावर्द्यांच्या कृपेने. या किनाऱ्यावर घरटी नाही तरी आळीला एक माणूस जहाजावर असतोच. ही माणसं सुट्टीवर आली की भरणा करायला बँकेत यायची आणि पाकिटाच्या चोरकप्प्यात राहिलेली एखादी परकी नोट 'सायबानू, ह्याचा काय होयत?' म्हणून पुढे सरकवायची. काहीच व्हायचं नाही. मग ती माझी. रत्नागिरीकडच्या एका मुसलमान सहकाऱ्याचे नातेवाईक केपटाउनला. कोकणी मुसलमानांची तिकडे जुनी वस्ती आहे. त्याने मला दक्षिण आफ्रिकेचे पाच मोठे आणून दिले. दहा रँडवर गेंडा, वीसवर हत्ती, पन्नासवर सिंह, शंभरवर रेडा, दोनशेवर बिबट्या. २०२३ मध्ये त्यांनी नव्या नोटा काढल्या, त्यांत हीच जनावरं पिल्लांसकट आहेत. शिकाऱ्यांनी ठरवलेली ही पाच नावं. पायी शिकार करायला सगळ्यात अवघड कोण, यावरून पडलेली. त्याच पाचांना आता बाळासह नोटेवर बसवलंय हे मला गमतीचं वाटतं. बिबट्या आमच्या गावात कुत्री नेतो, त्याची तिकडे दोनशेची किंमत बघून सहकाऱ्याची बायको म्हणाली होती, 'इथे त्याला कुणी फुकट नेलं तर बरं.'

सिंगापूरची पक्ष्यांची मालिका १९७६ ची. माझ्याकडे त्यातल्या दोनच नोटा, एक डॉलरचा सुरय आणि तो पाचचा बुलबुल. बाकीच्या मी कॅटलॉगमध्ये पाहिल्या, आणि पाहताना पडवीत बसून आमच्याच आवारातले पक्षी मोजतोय असं वाटलं. कांदळवनातला खंड्या, हळद्या. हजार डॉलरवर ब्राह्मणी घार, जी आमच्या बंदरात मासे उतरताना डोक्यावर फिरत असते आणि जिच्याकडे मान वर करून बघायला कुणाला सवड नसते. आणि सगळ्यात वर, दहा हजार डॉलरवर, पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. तोच, जो सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उंच झाडांवर काटक्यांचा भला मोठा माच रचून घरटं करतो, वर्षानुवर्षं त्याच झाडावर, आणि ज्याच्या घरट्याखाली समुद्रसापांच्या नि माशांच्या हाडांचा सडा असतो. त्या नोटेएवढे पैसे या किनाऱ्यावरच्या कुणी एका कागदात धरले असतील असं मला वाटत नाही. २०१४ पासून सिंगापूरने दहा हजारांच्या नोटा काढणंच थांबवलं. आमचा गरुड दुसऱ्या देशाच्या सगळ्यात मोठ्या नोटेवर जाऊन बसला, याचा आनंद मानावा की हेवा वाटावा ते ठरेना. मी ते पान बराच वेळ उघडं ठेवलं आणि बायकोने त्यावर चहाचा कप ठेवला.

लहान देश जवळचं बघतात, असा माझा एक ग्रह होत चालला आहे. श्रीलंकेचं उदाहरण घ्या. १९७९ मध्ये लाकी सेनानायके या चित्रकाराने त्यांच्या अख्ख्या मालिकेवर झाडं, फुलं, पक्षी, सरडे काढले. पुढे २०१० च्या मालिकेत वीस रुपयांवर एक छोटं तांबूस घुबड आलं. हे घुबड जगाला २००१ पर्यंत ठाऊकच नव्हतं. पावसाळी रानात रात्री त्याचा आवाज ऐकू यायचा, दिसायचं नाही. सापडल्यावर दहाएक वर्षांत ते नोटेवर, आणि तेही सगळ्यात लहान नोटेवर, म्हणजे सगळ्यांच्या खिशात. बांगलादेशाच्या दोन टाक्यांच्या जुन्या नोटेवर दयाळ आहे. दयाळ! आमच्या न्हाणीघराच्या कौलावर पहाटे जो गळा काढतो तो. आपला देश मोठा, त्याला काश्मीर ते कन्याकुमारी सगळ्यांना ओळखीचं काहीतरी हवं, म्हणून वाघ-हत्तीवर येऊन थांबावं लागतं, हे मला कळतं. कळलं म्हणून चुटपुट जात नाही.

मासळी बाजारात माझी एक नेहमीची मावशी आहे. सुंगटं, मोडुसे, सौंदाळे, जे असेल ते ती मला न विचारता घालते. तिच्या फळीला आता क्यूआर कोडचा पुठ्ठा टांगलेला असतो, त्यावर प्लास्टिकची पिशवी, कारण पाणी उडतं. नोटा कमी झाल्या म्हणून ती खूश आहे. ओल्या नोटा पदराने पुसून पुसून तिचा जीव गेला होता. त्या मुलाच्या प्रश्नाच्या नादात मी एक दिवस अल्बम पिशवीतून बाजारात नेला. बायकोच्या मते माझं डोकं फिरलं होतं. मावशीने हात धुतले, पुसले, आणि ब्राझीलच्या शंभर रियालवर बोट ठेवलं. निळी नोट, तिच्यावर खडकापाशी पोहणारा जाडजूड मासा.

"हो गोबरो मां? नोटेर?"

"गोबरोच. ब्राझीलचो."

"नोट केवढ्याची?"

"आपले दीड हजारावर होतीत."

तिने माशाची लांबी नजरेने मोजली आणि मान हलवली. "मगे बरोबर भाव लावल्यानी." पुढचं पान कोस्टा रिकाचं. दोन हजार कोलोनवर प्रवाळाच्या वर फिरणारा शार्क. "मोरी! ही केवढ्याक?" साडेतीनशेच्या आसपास, मी म्हटलं. "येवची नाय," ती ठामपणे म्हणाली. "एवढी मोरी साडेतीनशेक कोण देता? हो देश गरीब असतलो." बाजूच्या दोघीतिघी उठून बघायला आल्या. त्यांनी ब्राझीलच्या दोन रियालवरचं कासव ओळखलं, मालदीवच्या हजार रुफियावरचा देवमाशाएवढा ठिपक्यांचा मासा ओळखला, आणि जाळ्यात असं काही अडकलं की जाळं कापून सोडावं लागतं, मग जाळ्याचं नुकसान कुणी भरायचं, यावर चर्चा गेली. न्यूझीलंडच्या पेंग्विनला मात्र कुणी विचारलं नाही. माझा बांगडा तेवढ्यात मांजराने नेला.

कासवावरून आठवलं. व्हेनेझुएलाने २००८ मध्ये नव्या नोटा काढल्या, फार देखण्या. दोनवर नदीतला डॉल्फिन, दहावर हार्पी गरुड, वीसवर कासव, पन्नासवर अस्वल, शंभरवर लाल शिस्किन नावाचा चिमणीएवढा पक्षी. कासव तेच, ब्राझीलच्या दोन रियालवर आहे त्याच जातीचं. मग तिथली महागाई अशी भडकली की गठ्ठेच्या गठ्ठे नोटा देऊन पाव येईना, आणि देश सोडून निघालेली माणसं त्या नोटांच्या घड्या विणून पिशव्या नि पाकिटं बनवून कोलंबियाच्या सरहद्दीवर विकू लागली. संग्राहकांच्या बाजारात त्या नोटा कोऱ्या करकरीत आणि कवडीमोल मिळतात, अल्बम भरायला एकदम सोयीच्या. मी त्या घेतल्या. पण त्या पानावर आलो की कॅशियर जागा होतो. एकही घडी नाही, एकही डाग नाही, कारण वापरायची वेळ येण्याआधीच त्यांची किंमत मेली. माझ्या आजीच्या वाघाला एवढे डाग होते, आणि चुलत बहिणीचा वाघ तर घरात रॉकेल आणू शकला.

जाता जाता, ज्यांना हा नाद लागलाय आणि जे कोकणात राहतात त्यांच्यासाठी चार शब्द. इथली हवा कागदाची वैरी आहे. जुलैत कपाट उघडलं की कपड्यांवर पांढरी बुरशी, तीच नोटांवर. कसर कागद खाते, वाळवी तर अल्बमच गिळते. साधे स्वस्त प्लास्टिकचे अल्बम घेऊ नका. ते पीव्हीसीचे असतात, काही वर्षांत चिकट होतात आणि नोटेची शाई धरून ठेवतात. पॉलिस्टरचे कप्पे महाग पडतात, पण टिकतात. डांबराच्या गोळ्या नोटांना लागू देऊ नयेत. ऊन दाखवायचा मोह होतो, त्याने रंग उडतात. नव्या बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या मी जमवतो, नातेवाइकांना तशी सूचनाच आहे. खरं तर कोकणाला पॉलिमरच्या नोटा हव्यात. ऑस्ट्रेलियाने १९८८ मध्ये पहिली काढली. मालदीव आणि न्यूझीलंडच्या माझ्याकडच्या नोटांना इतक्या पावसाळ्यांत काही झालेलं नाही. आपल्याकडेही दहाची प्लास्टिकची नोट पाच शहरांत चालवून बघायचं जाहीर झालं होतं, त्यात कोची होतं. पुढे काही ती आली नाही. आली असती तर मावशीचा पदर वाचला असता.

तर, आमच्या हयलो कोण हा?

याचं उत्तर घरबसल्या आलं, दोडामार्गाहून. माझा मावसभाऊ तिकडे राहतो. केळी, माड, सुपारी, थोडा काजू. श्रावणात तो एक रात्र मुक्कामाला आला. जेवण झाल्यावर मी त्याला मुलाची गोष्ट सांगितली आणि दहाची नोट दाखवली. तो हसला नाही. हत्तीवर बोट ठेवून म्हणाला, "हो. हो येता. दर वर्षाक येता." खरंच की. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती उतरले, तेव्हापासून तिलारीच्या खोऱ्यात त्यांची ये-जा आहे. वाघही आहे तिकडे, कॅमेऱ्यात येतो. म्हणजे तिघांतले दोघे आमच्याच जिल्ह्यातले. मी सिंगापूरच्या बुलबुलाचा हेवा करत बसलो आणि खरा नोटेवरचा हत्ती पन्नास-साठ किलोमीटरवर भावाच्या बागेत उभा होता. मला आतून उगाच अभिमान वाटला. तो मी चेहऱ्यावर येऊ दिला नाही, कारण भाऊ सांगत होता की एका रात्रीत त्याने केळीची अख्खी ओळ कशी आडवी केली, माडाला खांदा लावून तो कसा डोलवला नि मुळासकट काढला, आणि घरातली सगळी माणसं पत्र्याचे डबे बडवत माडीवर कशी बसली होती. "भरपाई मिळता," तो म्हणाला. "पण माड काय परत उभो रवता? पंधरा वर्सांचो माड तो." मग नोट उलटी-सुलटी करून त्याने माझ्याकडे परत दिली. "हत्ती नोटेरच बरो. देवळात बरो. हय नको."

तरी तो अल्बम सोडेना. मग पाऊस चालू असताना आम्ही दोघांनी कोकणाच्या नोटा पाडायला घेतल्या. दहावर दयाळ, याला त्याची हरकत नव्हती. वीसवर कासव, वायंगणीत माणसं रात्र रात्र अंडी राखतात त्यांच्यासाठी. पन्नासवर खवले मांजर. शंभरवर धनेश हवा असं माझं म्हणणं, तर तो शेकरूवर अडून बसला, राज्यप्राणी म्हणून. शेकरू नारळ पोखरतो हे मी त्याला आठवून दिलं, तर म्हणाला, थोडासो खाता, चालता. पाचशेवर समुद्री गरुड एकमताने. दोन रुपयांची नोट परत काढायची आणि तिच्यावर वाघच ठेवायचा, हे माझं. त्याने खांदे उडवले. गव्याचं नाव मी काढलं तर त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. गव्याचा विषय सोडून दिला.

एवढ्यात त्याच्या हाताला कोस्टा रिकाची पाच हजारांची पिवळी नोट लागली. तिच्यावर पांढऱ्या तोंडाचं माकड आहे, फांदीवर बसलेलं, मोठं गोड. भावाने चश्मा वर केला, नोट दिव्याजवळ धरली, मग लांब धरली.

"ह्या माकड मां?"

"माकड."

"त्या देशात माड नाय हत?"

"हत की. दोन्ही बाजूंक समुद्र हा तेंका."

"आणि तरी माकड छापल्यानी?"